सर्च म्हणजे फेरी

'सर्च' हा शब्द कालपासून डोक्यातून जात नाहीये. उठताबसता तोंडी असतो, पण तो आला कुठून हे कधी पाहिलं नव्हतं. आज कोश काढून बसले.

मूळ उत्तरकालीन लॅटिनमधलं: 'किर्कारे', म्हणजे भोवती फिरणं, फेरी घालणं. 'किर्कुस' म्हणजे वर्तुळ, त्यावरून झालेलं क्रियापद. सर्कल आणि सर्कस ही त्याचीच भावंडं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'सेर्चिए' झालं आणि तिथून 14व्या शतकात ते इंग्रजीत रुळलं. आजचे फ्रेंच 'शेर्शे' म्हणतात, इटालियन 'चेर्कारे'. मध्ययुगातल्या ख्रिस्ती मठांत 'किर्कातोर' नावाचा एक अधिकारीच असायचा. मठभर फेऱ्या मारायच्या आणि कोण नियम मोडतंय ते पाहायचं, हेच त्याचं काम.

म्हणजे या शब्दात सापडणं कुठेच नाही. नुसतं फिरणं आहे.

हे वाचलं आणि मला रडूच आलं.

काल ताईला फोनवर विचारलं होतं, चंद्राला खळं पडतं ते कशामुळे गं? खिडकीतून दिसतच होतं समोर, पुसट, आतल्या कडेला किंचित तांबूस. "अगं, सर्च कर ना," ती म्हणाली, आणि पुढचं बोलणं सुरू झालं. रागाने नाही म्हणाली. कुणीही म्हणतं तसंच म्हणाली. पण फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. जिने मला पहिल्यांदा खळं दाखवलं, तिनेच मला दुसरीकडे पाठवलं, असं वाटत राहिलं. आणि एवढ्याशा गोष्टीचं वाईट वाटतंय, याचंही वाईट वाटलं.

सर्च केलं मी. उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे षट्कोनी कण असतात, त्यांतून जाताना चंद्राचा प्रकाश वळतो आणि चंद्रापासून 22 अंशांवर कडं उमटतं. क्षणात मिळालं. चोख उत्तर. मग तरीही रुखरुख का?

इंग्रजीत 'सर्च'च्या आधीपासून 'सीक' होतं, त्यांचं घरचं. जर्मन 'झूखेन' त्याचंच नातेवाईक. आता ते रोजच्या बोलण्यातून जवळपास उठलंय, मुलांच्या लपाछपीच्या 'हाइड अँड सीक'मध्ये तेवढं टिकून आहे. दोघांत एक फरक मला फार आवडला. 'सीक' थेट वस्तूला जाऊन भिडतं. 'सर्च' मात्र आधी जागेला लागतं: घर सर्च करतात, खिसे सर्च करतात. वस्तू हवी असेल तर मध्ये 'फॉर' घालावा लागतो. खरंच आहे, फेरी जागेलाच घालायची असते. ('रॅनसॅक', म्हणजे सगळं उलथंपालथं करून धुंडाळणं, हे नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून आलं, त्यातही आधी घर आहे, मग धुंडाळणं. नासधूस त्याला नंतर चिकटली.)

आणि 'गूगल कर' म्हणतो ते? 1 वर 100 शून्यं, अशा 'गूगॉल' नावाच्या संख्येवरून आलेलं. 2006 मध्ये ते क्रियापद म्हणून मोठ्या इंग्रजी कोशांत गेलं. त्यात चालणं नाही, फिरणं नाही, नुसता अफाट आकडा. त्याबद्दल आज नको.

आज संध्याकाळी बाबा किल्ली शोधत होते. मी मुद्दाम मध्ये पडले नाही, पाहत राहिले. टेबलाचा खण उघडला, हात पार मागच्या कोपऱ्यापर्यंत नेला, बोटांनी चाचपलं, खण लावला. मग खुंटीपाशी. मग खिडकीपाशी. तिथून परत त्याच खणापाशी, आणि या वेळी आतले कागद एकेक करून बाहेर. मघाशी रिकामा पाहिलेला खण आता पुन्हा का पाहायचा? पण सगळेच पाहतात. दुसऱ्या फेरीला तीच जागा वेगळी वाटते, आणि माणूस काहीतरी पुटपुटत, कुणाला तरी विचारत, कधीचं काहीतरी आठवत फिरतो. किल्ली सापडायच्या आधी बाबांना एक जुनं पत्र सापडलं आणि ते उभ्याउभ्या वाचत बसले.

हे पाहिल्यावर जरा हलकं वाटलं. कालचं माझं विचारणं ही फेरीच होती. खळ्याचं कारण हवं होतं, नाही असं नाही, पण त्या निमित्ताने ताईच्या अवतीभवती जरा घुटमळायचं होतं. ती फेरी मला सर्चचा कुठला चौकोन घालू देणार? आणि ताईने तरी का ओळखावं? तिच्या मागे केवढं काय काय आहे. शिवाय ज्या शब्दाने मी दुखावले, त्याच शब्दाच्या मुळाशी मला हवं होतं ते होतं. ती जे म्हणाली त्याचा जुना अर्थ घेतला, तर 'ये, फिरून जा' एवढाच होतो.

रविवारी पुन्हा फोन करेन. किर्कारे, मठातला तो फेरीवाला, 22 अंश, सगळं सांगेन. "तुला काय करायचंय एवढं?" असं ती म्हणेलच. म्हणू दे. मग मी तिला विचारेन की ते खळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपण गच्चीवर होतो की अंगणात. ते तिलाच ठाऊक आहे.