तारीख का पडली?

बुधवार, रात्री पावणेअकरा

संध्याकाळी माझ्या ज्युनिअर वकिलीणीने जमीन वाटपाच्या दाव्याचा मसुदा टेबलावर आणून ठेवला. सहा पानं. गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा, सगळं नीट उतरवलेलं. वंशावळ तेवढी चुकली होती. पक्षकार म्हणाला, "आम्ही तिघं भाऊ," आणि हिने तीन भाऊ लिहिले. बहीण आहे का, हे विचारलंच नाही. सोबत जोडलेल्या वारस फेरफारात, म्हणजे जमिनीला वारसांची नावं लागल्याच्या नोंदीत, बहिणीचं नाव स्पष्ट दिसतंय.

मी पेन उचललं. पाच मिनिटांचं काम होतं. गेले चार महिने मी असंच करतेय. तिचे मसुदे रात्री घरी आणायचे, दुरुस्त करायचे आणि सकाळी टाइप करायला द्यायचे. ती नवा मसुदा वाचते, "हो मॅडम" म्हणते आणि पुढच्या दाव्यात तशीच चूक करते. आज पेन हातात धरून बसले तेव्हा लक्षात आलं, चार महिन्यांत मी तिला एकदाही अडू दिलेलं नाही.

माझ्या सिनिअर सरांची आठवण झाली. २००८ साली सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा पहिलं वर्षभर त्यांनी मला मसुद्याला हातच लावू दिला नाही. काम एकच, बोर्डाची, म्हणजे कोर्टातल्या त्या दिवशीच्या कामांच्या यादीची, डायरी. पुकारा झाला की पुढची तारीख टिपायची. आठवड्याभराने त्यांनी डायरी पाहिली आणि म्हणाले, "पुढची तारीख पक्षकारही लिहून घेतो. तारीख का पडली, ते लिही."

मग लिहू लागले. समन्स परत आलं, पत्ता अपुरा. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, दाखल नाही. साक्षीदार हजर, पण समोरचे वकील जिल्हा कोर्टात. न्यायाधीश साहेब रजेवर. मला हे कारकुनी काम वाटायचं आणि रागही यायचा. सहा महिन्यांनी सरांनी एका मनाईच्या दाव्याच्या अकरा तारखा ओळीने वाचायला लावल्या आणि विचारलं, "यातल्या आपल्यामुळे किती पडल्या?" मी सगळा दोष समोरच्यांना देऊन मोकळी झाले होते. मोजल्यावर चार निघाल्या. त्यातली एक थेट माझी होती. समन्सचा खर्च भरायचा मी विसरले होते. कैफियतीला तीस दिवस, मुदत वाढवून घेतली तर नव्वद, हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या नव्वद दिवसांत आमची म्हातारी पक्षकार किती वेळा एसटीने येऊन बाकावर बसून गेली, हे मला डायरीने दाखवलं.

चार हा आकडा सरांना आधीच ठाऊक होता. तरीही मी मोजेपर्यंत ते काही बोलले नाहीत. त्यांचा तो वेळ मला मिळाला, आणि आज माझ्याकडे जी काही वकिली आहे ती त्यातूनच आली.

वकिलीतल्या उमेदवारीला आज कायद्याचा आधार नाही. सनदेआधी एक वर्ष ज्येष्ठांकडे काम सक्तीचं करणारे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या शिखर संस्थेने, १९९५ साली केले होते. कौन्सिलला तो अधिकारच नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते १९९९ मध्ये रद्द केले. आता सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पैशाचंही तसंच. ज्युनिअरला शहरात दरमहा वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत, असं परिपत्रक कौन्सिलने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये काढलं, पण ती शिफारसच आहे. आमच्या तालुक्यात फार थोडे जण तेवढे देतात. मीही सुरुवातीला कमीच देत होते, याची मला लाज वाटते. जिला घरून पैसे मागवता येत नाहीत, ती मुलगी शिकायला थांबणार कशी? गेल्या महिन्यापासून पंधरा देतेय.

तर आज पेन खाली ठेवलं. वंशावळीच्या समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं आणि फाइल परत दिली. ती गोंधळली. "मॅडम, काय चुकलंय?" मी म्हटलं, "फेरफार पुन्हा वाच." जीभ आवरायला फार जड गेलं.

मघाशी दहा वाजता तिचा फोन आला. आवाज धापा टाकल्यासारखा. "मॅडम, बहीण राहिली! पण मी पक्षकाराला फोन केला. ते म्हणतात तिचं लग्न १९९० ला झालंय. हिंदू वारसा कायद्याच्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीत तर २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली धरल्याच नव्हत्या ना? मग तिला हिस्सा लागतो का?"

हा प्रश्न मी तिला दिला नव्हता. तिचा तिलाच पडला होता.

मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी त्याच कायद्याची २००५ ची केंद्राची दुरुस्ती ओठावर आली होती. तीही गिळली. म्हटलं, "सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्माचा निकाल काढ, २०२० चा. २००५ च्या दुरुस्तीपासून सुरुवात कर. उद्या बोर्ड सुरू व्हायच्या आधी तू मला सांगायचंस."

"आणि चुकलं तर?"

"मी बाजूलाच बसलेली असेन."

उद्या येताना तिच्यासाठी एक कोरी डायरी घ्यायची आहे.