बटाटा जेवून आलाय

सप्टेंबर म्हणजे अंगणवाडीत पोषण महिना. फळांचा दिवस ठरला तेव्हा हिमाचलची सफरचंदं बाजारात उतरली होती. माझं मन खरं पेरूंवर होतं, पण भिंतीवरच्या फळांच्या तक्त्यात पहिलं चित्र सफरचंदाचं, आणि आमच्या निम्म्या पोरांची त्याच्याशी ओळख तेवढीच. म्हटलं, होऊन जाऊ दे.

वास घेऊन झाला, हात फिरवून झाला. मग एक सफरचंद मी उभं न चिरता मधोमध आडवं चिरलं. आत बियांची पाच घरं, अगदी चांदणी! ते अर्धुक गेरूत बुडवून ठसे काढले. भेंडीच्या ठशांना सरावलेली पोरं, हे मुठीत मावेना, मग दोन्ही हातांनी दाबायची. फोड आधी फडक्यानं कोरडी पुसावी लागते, नाहीतर रंग नुसता ओघळतो.

खरी गंमत पाण्याच्या टबात झाली.

"बुडेल की तरंगेल?"

"बुडंल!" सगळ्यांचा एकच गलका. सफरचंद गटांगळी खाऊन वर आलं. तेवढ्यात एकानं मदतनीस ताईंच्या टोपलीतला बटाटा आणून टाकला. सफरचंदाहून लहान, तरी थेट तळाला. चार वर्षांची एक मुलगी टबावर ओणवी झाली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, बटाटा जेवून आलाय. सफरचंद उपाशी हाय."

मला हसू आवरेना. पण पोरगी फारशी चुकली नव्हती. सफरचंदाच्या आकाराचा जवळजवळ पाव हिस्सा नुसती हवा असते. बटाटा आतून गच्च. "त्याच्या पोटात हवा आहे," मी म्हटलं, तर मागून प्रश्न आला, "मग ते ढेकर देतं का?" यावर काय बोलणार!

खायला मात्र किसूनच दिलं. कच्च्या सफरचंदाची कडक फोड एवढ्या लहानांच्या घशात अडकू शकते, तिथं मी कुणाचंच ऐकत नाही. अर्ध्या किसावर लिंबू पिळलं होतं, तो पांढरा राहिला. उरलेला तपकिरी झाला आणि "सडलं" म्हणून कुणी शिवेना. शेवटी मीच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई दारात हजर. "बाई, काय शिकवलंत हिला? कांदे-बटाटे सगळे पिंपात!"

"कांदा तरंगला का?" मी विचारलं.

"तरंगला की. तोही उपाशीच म्हणे."