दशमीची भरती साडेसातला

आईचं माहेर हेदवीचं. म्हणजे समुद्र अगदी दाराशी, तरी ती आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नव्हती, कारण तेव्हा मुलींनी होडीत बसायचं नाही असंच होतं, मामा लोक जायचे आणि ही पुळणीवर बसून वाट बघायची. हे तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की या फेब्रुवारीत गोव्याला जायचं ठरलं तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं, यावेळी हिला पाण्यावर न्यायचंच. मोटरबोटीतून नाही, कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीतून. पाण्याला हात लागेल इतक्या जवळून.

मडगावला उतरून करमल घाटातून काणकोणला आलो आणि पाळोळ्याला राहिलो, म्हणजे सगळे पालोलेम म्हणतात ते. अर्धचंद्रासारखा किनारा, उत्तरेच्या टोकाला काणकोणचं छोटं बेट, आणि त्याच्या पलीकडे कड्याकड्याने गेलं की बटरफ्लाय बीच. पाण्यावरून जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. जाऊन-येऊन आणि मधे थांबून सकाळ जाते.

पहिल्याच दिवशी किनाऱ्यावर एकाने दुपारी तीनला कयाक द्यायची तयारी दाखवली, गाईड नाही, लाइफ जॅकेट "हवं असेल तर". मी सरळ नाही म्हणून सांगितलं आणि तुम्हालाही कळकळीने सांगते, असं कोणी म्हणालं तर निघून या. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे समोर दिसतं. रात्रभर जमीन गार होते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे हलका वाहतो आणि किनाऱ्यालगत पाणी तेल ओतल्यासारखं शांत असतं, मग ऊन चढलं की जमीन तापते, वारा उलटा फिरतो आणि दुपारपर्यंत वायव्येकडून येऊन सगळ्या खाडीभर पांढऱ्या लाटा उठवतो. म्हणून शहाणे लोक सातला पाण्यात आणि अकराच्या आत बाहेर.

आम्हाला जो गाईड मिळाला तो तिथलाच, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर वाढलेला, तिशीचा असेल. आदल्या संध्याकाळी त्याने फोनवर ॲप काढून उद्याची भरती बघायला घेतली तोवर आई म्हणाली, "उद्या दशमी. साडेसात." तो बघतच राहिला. तिने समजावलं की बाबा, तिथीची पाऊणपट करायची, दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातला पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. हा हिशोब आजोबांचा, कोकणात अजून बऱ्याच घरांत चालतो. गाईड म्हणाला, "आंटी, आमच्याकडे तास-पाऊण तास आधी लागते, पण हिशोब बरोबर." आणि ते खरं आहे, भरती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर चढत येते त्यामुळे गोव्यात मुंबईच्या आधी. त्या क्षणापासून त्या दोघांचं जे जमलं ते जमलंच, मी फक्त सोबत होते.

सकाळी सात. दोघांची कयाक, वर बसायची, आत शिरायची नाही, तळाला आरपार भोकं असतात त्यातून आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. आई पुढे, मी मागे. पुढचा माणूस लय ठरवतो, मागचा दिशा सांभाळतो. गाईडने आधी वाळूवरच बसवून शिकवलं, की वल्हं हातांनी ओढायचं नाही, कमरेतून वळायचं, पाय टेकवून जोर लावायचा, नाहीतर वीस मिनिटांत खांदे भरून येतात. मग कमरेएवढ्या पाण्यात नेऊन मला मुद्दाम उलटवलं आणि परत वर चढायला लावलं: पोटावर झोपून, पाय मारून, मग वळून बसायचं. आई म्हणाली, मी पण करणार. एकसष्ट वर्षांची माझी आई पाण्यात पडली, नाकातोंडात पाणी गेलं, दुसऱ्या प्रयत्नात वर चढली आणि तोंड पुसून म्हणाली, "चला." मला रडूच आलं खरंतर.

पाणी नुकतंच उतरायला लागलेलं होतं पण अजून भरपूर होतं, म्हणून बेट आणि किनारा यांच्यामधल्या फटीतून जाता आलं. ओहोटीला याच फटीतून लोक चालत बेटावर जातात! आम्ही मात्र तिथून वल्हवत गेलो, खाली खडक दिसत होते आणि त्यांच्यावर कालवं, अशी दाटीवाटीने चिकटलेली की खडकाचा रंगच दिसेना. मी आधाराला हात लावायला गेले तर गाईड मागून ओरडला, धरू नका! कालवाची धार ब्लेडसारखी असते, ओल्या हाताला लागलं तर कळतही नाही, नंतर रक्त दिसतं. आई लहानपणी कालवं फोडायला जायची, लोखंडी कोयतीने, तिला माहीत होतंच, ती नुसती हात मांडीवर ठेवून बघत होती, आणि म्हणाली, वरून कधी बघितली नव्हती गं.

फट ओलांडल्यावर एकदम मोकळं. काणकोणचा ग्रॅनाइट हा असा गोल गोल झिजलेला, घराएवढे धोंडे एकावर एक, वर दाट झाडी. एका उंच सुकलेल्या झाडावर समुद्री गरुड बसला होता, पांढरं पोट, राखाडी पंख, आम्ही खालून गेलो तरी हलला नाही. पुढे एका चिरेत पाणी शिरून आतून धप्प असा आवाज यायचा आणि फवारा उडायचा, आई लगेच म्हणाली, "बामणघळ!" हेदवीची बामणघळ, म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरच्या खडकातली अरुंद घळ, ज्यांनी भरतीला बघितलीय त्यांना कळेल. ही अगदी लहान होती, पण आवाज तोच.

आणि मग डॉल्फिन. आधी दिसले नाहीत, ऐकू आले. फुस्स, असा श्वास, डाव्या बाजूला. गाईडने हात वर करून थांबायला सांगितलं, वल्ही मांडीवर, बोलायचं नाही. तीन होते, पाठीवर उंचवटा असलेले, आपल्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारे, ते उड्या वगैरे मारत नाहीत, पाठ वर येते, श्वास, आणि परत खाली. पर्यटकांच्या मोटरबोटी यांच्या मागे धावतात तेव्हा फार वाईट वाटतं. आम्ही नुसतं थांबलो म्हणून ते दहा-बारा हातांवरून स्वतःहून गेले. आईने हात जोडले होते.

बटरफ्लायवर उतरलो, लाटेला आडवं व्हायचं नाही, टोक सरळ किनाऱ्याकडे ठेवायचं, आणि उतरताना समुद्राच्या बाजूला उतरायचं, कारण कयाक आणि किनारा यांच्यामधे उभं राहिलं की पुढची लाट तीच कयाक तुमच्या पायांवर आणून आपटते. शहाळं, पोहे, थोडा वेळ सावली. साडेनऊलाच गाईड म्हणाला, निघू, वारा फिरतोय.

परतीला फटीत पाणी उरलं नव्हतं, बेटाच्या बाहेरूनच जावं लागलं. तिथे लाट खडकावर आपटून परत येते आणि पुढच्या लाटेला भिडते, त्यामुळे पाणी कुठूनही उचलतं, म्हणून गाईडने आम्हाला खडकापासून चांगलं लांब ठेवलं. वारा उजवीकडून मागून होता, प्रत्येक लाट कयाकचं मागचं टोक ढकलायची आणि तोंड समुद्राकडे वळायचं, मग मी उजवीकडे लांब अर्धगोल वल्हं मारून परत सरळ करायचे. माझे हात थरथरत होते. पुढे आईची लय मात्र जराही चुकली नाही. डावं, उजवं, डावं, उजवं. मी फक्त तिच्या पाठीकडे बघत तिच्याबरोबर वल्हं टाकत राहिले आणि पंधरा-वीस मिनिटांत खाडीच्या आडोशाला आलो.

वाळूवर आल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. गाईडने कयाक वर ओढली, जॅकेटं धुवायला टाकली. तेव्हा आईने त्याला हाक मारली, "अरे, उद्या एकादशी. म्हणजे सव्वाआठ, तुमच्याकडे साडेसात धर. उद्या फटीत पाणी जास्त वेळ राहील ना?"

तो म्हणाला, "राहील आंटी. सातला या."