शाळा सुटल्यानंतरचे बुसान

दक्षिण कोरियातील बुसान या बंदराच्या शहरात एका सरकारी प्राथमिक शाळेत मी इंग्रजी शिकवते. भारत आणि कोरिया यांच्यातील आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० रोजी लागू झाला आणि शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीयांना इथे सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून येण्याची वाट मोकळी झाली. मीही त्याच वाटेने आले. इथल्या शाळांत इंग्रजी तिसरीपासून सुरू होते, तास ४० मिनिटांचा असतो आणि वर्गात कोरियन शिक्षिका सोबतीला असते. शाळेविषयी पुन्हा कधीतरी लिहीन. आज लिहायचे आहे ते मे महिन्यातल्या एका आठवड्यातील मोकळ्या वेळाविषयी, कारण कोरियन माणूस मोकळा वेळही किती शिस्तीने घालवतो, हे मला त्या आठवड्यात जवळून पाहायला मिळाले.

मंगळवारी संध्याकाळी एका सहकारी शिक्षिकेने मला तिच्या बॅडमिंटन क्लबमध्ये नेले. तिथे नावाच्याही आधी मला श्रेणी विचारण्यात आली. हौशी खेळाडूंनाही इथे नवशिक्यापासून डी, सी, बी, ए अशा श्रेणी असतात आणि वरची श्रेणी स्पर्धा जिंकून मिळवावी लागते. माझ्याकडे कोणतीच श्रेणी नसल्यामुळे मला नवशिक्यांत धरले गेले, आणि एक आजोबा मला रॅकेट कशी धरायची हे न कंटाळता दाखवत राहिले. भारतीय म्हटल्यावर त्यांनी सिंधूचे नाव घेतले. त्यानंतर माझ्याकडून त्यांच्या अपेक्षा थोड्या वाढल्या असाव्यात.

बुधवारी दुपारी शिक्षकांचा व्हॉलीबॉल. कोरियातील अनेक शाळांत ही जुनी रीत आहे. आमच्याकडे एका बाजूला ९ खेळाडू असतात आणि ६ जणांच्या खेळासारख्या जागा फिरत नाहीत. जी जागा वाट्याला आली तिथेच शेवटपर्यंत उभे राहायचे. मुख्याध्यापकांची जागा जाळ्याजवळ अगदी मधोमध होती, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. मला मागच्या रांगेचा कोपरा मिळाला. गुण मिळो वा जावो, प्रत्येक वेळी सगळे मध्ये जमून टाळ्या देतात आणि परत आपापल्या जागी जातात. शिक्षक-खोलीत जिचे बोलणे ऐकायला कान द्यावे लागतात, ती माझी सहशिक्षिका सर्व्हिस करताना अशी काही ओरडली की पलीकडचे उपमुख्याध्यापक दचकले आणि चेंडू त्यांच्या पायाशी पडला. कुणी हसले नाही, पण त्यांनी स्वतःच हसून तिला दाद दिली आणि मग मात्र अख्खे मैदान हसले. खेळानंतर सगळे मिळून जेवायला गेलो. तिथे पुन्हा वयाने लहान असलेली माणसे दोन्ही हातांनी पेला भरू लागली आणि माझी सहशिक्षिका पूर्वीसारखी हळू बोलू लागली.

शुक्रवारी साजिक स्टेडियमवर बेसबॉल पाहिला. कोरियातील व्यावसायिक बेसबॉल १९८२ मध्ये सुरू झाला. त्या पहिल्या वर्षापासून आजपर्यंत आपले नाव आणि गाव टिकवून असलेल्या मोजक्या संघांत बुसानचा लोट्टे जायंट्स आहे. संघाने विजेतेपद मिळवले ते १९८४ मध्ये आणि १९९२ मध्ये. त्यानंतर इतकी वर्षे गेली, तरी शहराचा जीव अजून या संघातच अडकलेला आहे. क्रिकेट पाहण्याची सवय असलेल्या मला सर्वात नवल वाटले ते प्रेक्षकांचे. प्रेक्षागृहासमोर एक छोटा मंच असतो आणि त्यावर गणवेश घातलेला माणूस शिट्टी व हातवारे यांच्या साहाय्याने सगळ्यांना गायला लावतो. प्रत्येक फलंदाजाचे स्वतंत्र गाणे असते आणि तो मैदानात उतरला की आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ते तोंडपाठ असते. प्रतिस्पर्धी पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, धावपटूला बाद करण्यासाठी बेसकडे चेंडू फेकला की हजारो गळ्यांतून एकच खणखणीत ‘मा!’ निघतो; बुसानी बोलीतली ही दटावणी आहे. सीमेबाहेर उडालेला चेंडू एका तरुणाने झेलला, तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनी तो लहान मुलाला देण्याचा गलका केला. त्याने दोन क्षण चेंडू छातीशी धरला आणि मग पुढच्या रांगेतल्या चिमुरडीच्या हातात ठेवला. दाद देण्यातही इतकी आखणी असेल तर उत्स्फूर्तपणा कुठे उरतो, असे आधी मला वाटले होते. सातव्या डावापर्यंत मीही हातवारे करत होते, तेव्हा तो प्रश्न तिथेच सोडलेला बरा.

शनिवारी सकाळी ग्वांगल्लीच्या किनाऱ्यावर गेले. समोर २००३ मध्ये खुला झालेला, ७ किलोमीटरहून लांब ग्वांगान पूल आणि पाण्यात फळीवर उभे राहून वल्ही मारणारी माणसे. सगळ्यांनी आधी वाळूवर रांगेत व्यायाम करून घेतला होता. संध्याकाळी सहशिक्षिकेबरोबर सार्वजनिक स्नानगृहात. स्त्रियांच्या विभागात कपड्यांशिवायच जावे लागते, आणि ज्यांना शाळेत कमरेतून वाकून नमस्कार करायचा त्यांच्याशेजारी गरम पाण्यात बसायला थोडे धैर्य लागते. अंग घासणाऱ्या बाईंच्या हातात हिरवे खरखरीत कापड होते. त्याला इटली टॉवेल म्हणतात, पण त्याचा जन्म १९६० च्या दशकात बुसानमध्येच झाला. अंग घासून झाल्यावर बाईंनी पाठीवर थाप मारून कूस बदलायला सांगितले. तिथे शिक्षिका आणि विद्यार्थिनी दोघींना सारखीच थाप.

रविवारी ग्युमजोंगसान हा डोंगर. मेट्रोने बोमोसा स्थानक, तिथून बसने त्याच नावाच्या मंदिरापर्यंत आणि पुढे पायी. हे बौद्ध मंदिर ६७८ मध्ये स्थापन झाल्याचे मानतात. माथ्यावरचा गोदांगबोंग हा सुळका ८०१ मीटरहून थोडा उंच आहे आणि डोंगराभोवती सुमारे १८ किलोमीटरची तटबंदी आहे. ती आज दिसते त्या रूपात अठराव्या शतकाच्या आरंभी बांधली गेली. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर फिरलेल्या डोळ्यांना तिची उंची फारशी भरत नाही, पण लांबी भरते. वाटेतले बहुतेक लोक साठीच्या पुढचे होते आणि सगळे हिमालयाच्या मोहिमेला निघाल्यासारखे सजलेले. उत्तर दरवाजापाशी एका आजींनी माझे साधे बूट निरखून पाहिले, नापसंतीने मान हलवली आणि पिशवीतली काकडी मोडून अर्धी माझ्या हातात दिली. मग माझे वय विचारले, स्वतःचे सांगितले आणि मी लहान ठरल्यावर पुढची चढण त्यांच्या मागून चढायची असे ठरवून टाकले. त्यांच्या वेगाने चालताना मला दम लागत होता, आणि मागे वळून त्या दर वळणावर माझी खात्री करून घेत होत्या.