मुठीत न टिकणारा बर्फ

काल रात्रभर वारा घोंघावत होता. सकाळी आभाळ मोकळं, ऊन लख्ख. समोरचा उतार इतका नितळ की पाहूनच जीव हरखला. पण त्याच दिशेला तोंड करून असलेल्या शेजारच्या उतारावर बर्फ आडवा फाटलेला दिसला, खाली ढेकळांचा ढीग. दुर्बिणीतून पाहिलं तर फाटलेल्या कडा अजून धारदार. वाऱ्याने त्या झिजवल्या नव्हत्या, म्हणजे हे हिमस्खलन पहाटेचंच.

खरं तर समोरच्या उतारावर न जाण्याचा निर्णय तिथेच झाला होता. तरी कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्याच दिशेचा, पण आखूड आणि बिनधोक उतार शोधून जमिनीपर्यंत खड्डा खणला. वरचे ४० सेंटिमीटर वाऱ्याने दाबून घट्ट केलेले. बोटही कष्टाने शिरत होतं. त्याखाली मात्र हात थेट आत गेला. मूठभर बर्फ घेऊन दाबला, गोळा होईना. जाड्या साखरेसारखा बोटांतून ओघळून गेला. भिंगाखाली टोकदार, पैलूदार दाणे चमकत होते. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ होता आणि रात्री कडाक्याच्या. जमिनीलगत ऊब, वर गारठा. १० सेंटिमीटरमागे १ अंशाहून जास्त फरक पडला की वाफ वर सरकते, दाणे असे वाढतात आणि एकमेकांना धरून राहत नाहीत.

मग वरचा थर किती सहज सुटतो ते पाहायला बर्फाचा ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब कापला, वर फावडं ठेवलं. मनगटातून १० थापा: काही नाही. कोपरातून दुसऱ्याच थापेला वरचा अख्खा ठोकळा सरकून माझ्या मांडीवर आला. कितव्या थापेला तुटलं यापेक्षा कसं तुटलं ते मी जास्त बघते. हा तुकडा झटक्यात सुटला होता, तळ सपाट. हे वाईट लक्षण.

सोबतच्या मैत्रिणीने विचारलं, "आणि खांब तुटला नसता तर?" तरीही गेले नसते. खड्डा एका जागेचं सांगतो, दहा पावलांवर थर वेगळा असू शकतो. डोळ्यांदेखत शेजारचा उतार कोसळलेला असताना खड्ड्याकडून परवानगी मागायची नसते.

परतताना जवळपास सपाट जागेवर पायाखाली 'धुप्प' झालं, खालचा तोच कच्चा थर बसला होता. सगळं मैदान बोटभर खचल्यासारखं वाटलं, आणि एक बारीक चीर माझ्या बुटापासून तिच्या बुटापर्यंत धावत गेली. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिलो. मग हातमोजा काढून वहीत तेही लिहिलं: वेळ, उंची, दिशा, चिरेची लांबी.