एक आढे, दोन चुली : गुहागरचे दोन बिऱ्हाडांचे घर

दाभोळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपाव्याला उतरले की गुहागर फार दूर राहत नाही. गाव एका लांबलचक रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसलेले आहे आणि पश्चिमेकडच्या घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या थेट पुळणीपर्यंत जातात. व्याडेश्वराचे दर्शन घेऊन खालच्या पाटात, म्हणजे गावाच्या त्या नावाच्या भागात, मी जे घर पाहायला गेलो, ते शके १८३४ मध्ये, म्हणजे १९१२च्या सुमारास, दोन सख्ख्या भावांनी दोन बिऱ्हाडांसाठी म्हणूनच बांधून घेतले. वाटणीनंतर मधे भिंत घातलेली घरे कोकणात पुष्कळ आहेत. हे मात्र जोत्याच्या पहिल्या चिऱ्यापासून दोघांचे आहे.

समोरून ते एकच घर वाटते. खळे म्हणजे पुढचे अंगण, तुळशीवृंदावन आणि ओटी सामाईक. ओटीवरून आत जाणारी दारे मात्र दोन. तिथून पुढे माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि न्हाणी हे सारे दोन्हीकडे वेगवेगळे. देवघर थोरल्यांच्या माजघरालगत असले तरी त्याला धाकट्यांच्या बाजूनेही दार ठेवलेले आहे. त्या दाराचा उंबरठा मधोमध झिजून खोलगट झाला आहे, यावरून त्याचा वापर किती झाला असेल ते कळते. परसातल्या विहिरीवर रहाट एकच आहे.

भिंती जांभ्याच्या आहेत. हा दगड खाणीत मऊ असतो, त्यामुळे त्याचे चिरे सहज काढता येतात, आणि उघड्या हवेत तो कठीण होत जातो. बाहेरून गिलावा नाही, आतून चुना आहे.

या घराचे खरे मर्म छपरात आहे. दोन बिऱ्हाडांमधली भिंत आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडापर्यंत, गेलेलीच नाही. ती माळ्याच्या तुळयांशी थांबते, आणि तिच्यावरून वासे, रिपा आणि कौले एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जातात. या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. दोन भावांची दोन छपरे शेजारी-शेजारी केली असती, तर त्यांच्यामधल्या पन्हळीत पाणी आणि पाचोळा साचून नेमकी सामाईक भिंतच ओली राहिली असती. एका आढ्यावरून दोन उतार काढल्यामुळे सगळे पाणी पुढे खळ्यात आणि मागे परसात पडते. शिवाय माळा मोकळा असल्याने दोन्ही चुलींचा धूर कौलांच्या फटींतून निघून जातो आणि त्या धुरामुळे लाकडाला कीड कमी लागते. चुली वेगळ्या करूनही छप्पर एक ठेवणारा तो सुतार माझ्या दृष्टीने मोठाच वास्तुकार होता.

पडवीच्या कोपऱ्यात उतरवून ठेवलेले एक कौल मी हातात घेऊन पाहिले. त्याच्या पाठीवर इंग्रजीत बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती मिशनच्या कारखान्याचे नाव, मंगलोर आणि १८६५ असा ठसा आहे. हे साल पाहून काही जण घराचेच वय पन्नासेक वर्षांनी वाढवून सांगतात. पण १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचे वर्ष आहे आणि ते नंतरच्या कौलांवरही छापले जात असे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने या मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे मिशनच्या नावाचे कौल घराच्या शके १८३४ या सालाशी चांगले जुळते.

धाकट्या घरातल्या काकूंनी सांगितले, की दरवर्षी पावसाळ्याआधी कौले परतायची, म्हणजे उतरवून पुन्हा नीट लावायची, तारीख दोन्ही घरे बसून ठरवतात, कारण अर्ध्याच छपराचे काम काढता येत नाही. गडी एकाच दिवशी येतात आणि मजुरी निम्मी-निम्मी वाटली जाते. फुटलेल्या कौलांच्या जागी नवी बसवायची, तर त्यांच्या खाचा जुन्यांशी जुळत नाहीत. म्हणून आसपास एखादे जुने घर पाडले जात असल्याचे कळले, की दोन्ही घरांतले कोणीतरी आधी तिथली कौले बघायला जाते.