कागदाचं डावं टोक

शाळेतल्या समुपदेशकाचा दिवस परीक्षेची भीती, मैत्रिणींचे रुसवे आणि पालकांचे फोन यांतच संपतो. त्या मंगळवारी मात्र मुख्याध्यापकबाईंनी माझ्यासमोर फिकट हिरवी, जाडसर कांडी ठेवली. हायलायटरच वाटावा अशी. नववीतल्या एका मुलाच्या कंपासमध्ये सापडलेला वेप, म्हणजे ई-सिगारेट. "वास घेऊन बघा, चक्क आंबा! दाखला देऊन मोकळं होऊ या," बाई म्हणाल्या.

मी एक तास मागून घेतला.

अशा वेळी 'का केलंस?' असं मी कधीच विचारत नाही. 'का' म्हटलं की मूल एकतर वकिली करतं, नाहीतर मिटून जातं. मी कोरा कागद आडवा ठेवते, उजव्या टोकाला आजची तारीख घालते आणि मुलाला एकेक पाऊल मागे जायला सांगते. ही वस्तू हातात कधी आली? त्याआधी कोणाकडे पाहिलीस? त्याआधी नाव कुठे ऐकलंस? पेन्सिल त्याच्या हातात. माझी नजर कागदावर, त्याच्या चेहऱ्यावर नाही.

रेघ भरत गेली. चौघांनी पैसे काढून क्लासजवळच्या टपरीवरून घेतलेली. ई-सिगारेटची विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्यावर देशात २०१९ पासून बंदी आहे, आणि टपरीवाल्याला ते पक्कं माहीत आहे, म्हणून तर माल खालच्या खणातून निघतो. त्याआधी, मोबाईलवर धुराची वलयं सोडणाऱ्या पोरांचे व्हिडिओ. त्याआधी, मे महिन्यात आतेभावाचं घर. दादाने कधी दिली नव्हती, उलट तो गॅलरीत जाऊन दार लावून घ्यायचा. "फटीतून गोड वास यायचा. आत काय चाललंय ते कळायचं नाही," मुलगा म्हणाला.

कागदाच्या अगदी डाव्या टोकाला त्याने लिहिलं: शाळेतलं व्याख्यान.

फेब्रुवारीतलं ते व्याख्यान मीच ठरवलं होतं. पाहुण्यांनी आधी तोंडाच्या कॅन्सरचे फोटो दाखवले आणि शेवटी 'यांपासून सावध' म्हणून रंगीत वेपची अख्खी रांग, प्रत्येकाखाली चवीचं नाव. "तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की यात आंबा असतो. आधीचे फोटो बघवत नव्हते. हे छान होते, मॅडम."

त्याचं अक्षर बघता बघता मला शंकापेटीतली एक चिठ्ठी आठवली. व्याख्यानानंतरच्या आठवड्यात आलेली, बिननावाची: 'वेपमध्ये नुसती पाण्याची वाफ असते का?' मी परिपाठाला उत्तर दिलं होतं, 'वाईट असतं, लांब राहा.' एका प्रामाणिक प्रश्नाला मी दटावून गप्प केलं होतं.

खरं उत्तर त्याला आठ महिन्यांनी मिळालं. वाफ नाही, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तापवून केलेले बारीक थेंब, सोबत निकोटीन. ते घशाला खरखरू नये म्हणून बऱ्याच वेपमध्ये त्यात आम्ल मिसळतात, म्हणून पहिल्या झुरक्याला सिगारेटसारखा ठसका लागत नाही.

"म्हणजे ठसका न लागणं मुद्दाम केलेलं असतं?"

"हो."

तो बराच वेळ त्या कांडीकडे बघत राहिला.

दाखला टळला. वडिलांना उरलेल्या तिघांची नावं हवी होती. ती मी दिली नाहीत, त्यांचा राग अजून गेलेला नाही. वर्गात आता रोज दप्तरं तपासतात. माझ्या मते त्यातून मुलं एवढंच शिकतात की कंपासमध्ये ठेवायचं नाही.

यंदाच्या व्याख्यानासाठी त्याच पाहुण्यांना बोलावलंय. ती चित्रांची स्लाइड काढा, असं मी सुचवलं. "मग मुलं ओळखणार कशी?" मुख्याध्यापकबाईंनी विचारलं. ओळखायचं आहे ते पालकांना आणि शिक्षकांना, त्यांना दाखवू. मुलांना ठसक्याची गोष्ट सांगू, असं मी म्हटलं. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.